साडूंच्या मानेतली वेस

जुन्नर गावात जे जे उरलं नव्हतं ते सगळं माझ्या थोरल्या साडूंना दिसत असे. जे होतं त्याच्याशी मात्र त्यांचं कधी फारसं जमलं नाही. माझी बायको नि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून नात्यानं आम्ही साडू. पण वयात अंतर एवढं, की लग्नाच्या पंगतीत मला ते सासऱ्यांच्या भावंडांपैकी कुणीतरी वाटले आणि मी सरळ त्यांच्या पाया पडलो. ते त्यांना फार आवडलं असावं. कारण तेव्हापासून प्रत्येक भेटीत ते उजवा पाय किंचित पुढे सरकवून उभे राहत आणि मी वाकेपर्यंत क्षेमकुशल विचारत नसत. गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. ते मला शेवटपर्यंत पावणं म्हणत.

नव्वदच्या आसपास माझी नोकरी घोडेगावला होती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी अक्कांकरवी, म्हणजे माझ्या मेहुणीकरवी, पत्ता कळवला. स्टँडवर उतरून पिंपळाला वळसा घालावा, सूतिकागृहाच्या कडेनं डावीकडे वळावं आणि वेशीतून आत शिरलं की लगेच त्यांचं सायकलचं दुकान. मी नारायणगावला गाडी बदलून जुन्नरला उतरलो. पिंपळ कुठेच नव्हता. सूतिकागृहाच्या जागी व्हिडिओ पार्लर होतं आणि आत बंदुकांचा दणदणाट चालला होता. वेस तर शोधूनही सापडेना. शेवटी एका बांगडीवालीला विचारलं, तर ती टोपली खाली न ठेवताच म्हणाली, ‘भाऊंकडं जायचं व्हय? या माज्या मागनं.’ नसलेल्या खुणा विचारत फिरणारा माणूस हा भाऊंचा पाहुणा, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

पुढे त्यांच्याबरोबर सकाळचा फेरफटका मारण्याचा योग अनेकदा आला. भाऊ ताडमाड उंच, अंगानं काटकुळे, आणि चालणं एखाद्या तंद्रीतलं. स्टँडसमोरच्या मोकळ्या जागेत पूर्वी पिंपळ होता, तो वादळात कधीचाच पडला होता. पण भाऊ त्या जागेला वळसा घालूनच जात, आणि मी सरळ गेलो तर थांबून माझी वाट बघत. जुन्या हौदाच्या जागी आता रसवंती होती. तिथे ते पायजमा दोन बोटं वर उचलत, कारण हौद भरून वाहायचा तेव्हा तिथे कायम ओल असे. सूतिकागृहापाशी त्यांचा आवाज आपोआप उतरे. एकदा मी तिथे काहीतरी सांगता सांगता मोठ्यानं हसलो, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘हळू, पावणं. आत बाळंतिणी हायेत.’ पार्लरमध्ये त्या वेळी कुणीतरी कुणाचातरी बदला घेत होतं. पण भाऊंचा चेहरा इतका हळवा झाला होता की मलाही क्षणभर तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आल्यासारखं वाटलं.

पण खरी गंमत होती ती वेशीची. त्यांच्या दुकानाच्या अलीकडे, पेठेच्या तोंडाशी, दगडी वेस होती. फार मोठी नव्हती. बैलगाडी जेमतेम जाईल एवढी, आणि इतकी ठेंगणी की भाऊंसारख्या माणसाला मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नसे. तरुणपणी एकदा घाईत मान वाकवायची राहिली, त्याची खूण त्यांच्या कपाळावर होती. मी जावई व्हायच्या जरा आधी टोमॅटोचा एक ट्रक तिच्यात अडकला, दिवसभर निघेना, सगळ्या पेठेत लाल चिखल झाला, आणि मग रस्ता रुंद करताना वेस गेली ती गेली. गावानं चार दिवस हळहळ केली आणि मोकळ्या रस्त्यावरून गाड्या पळवायला सुरुवात केली. भाऊंनी मात्र वाकणं सोडलं नाही. बोलत बोलत यायचे, ठरल्या जागी मान खाली घालायचे, दोन पावलं तसेच जायचे आणि पलीकडे निघाले की ताठ होऊन वाक्य पुरं करायचे. मध्ये कधी चुकलं म्हणून नाही.

एवढ्यावर थांबते तर तो त्यांचा खाजगी मामला ठरला असता. पण भाऊंच्या दुकानातून गावातली सगळी पोरं तासावर सायकली नेत, आणि दुकानाचा नियम असा होता की वेशीतून सायकल हातात धरून न्यायची, पलीकडे गेल्यावर मग टांग टाकायची. वेस गेली तरी नियम राहिला. जो मोडेल त्याला पुढच्या वेळी सायकल नाही. त्यामुळे ज्यांनी जन्मात वेस पाहिली नाही अशी पोरं ऐन रस्त्यात उतरून चार पावलं चालू लागली. ती मोठी झाली, त्यांनी स्वतःच्या सायकली घेतल्या, काहींनी लुना घेतल्या, तरी त्या जागी त्यांचा हात ब्रेककडे जायचाच. परगावचे लोक विचारत, इथं काय आहे? कुणालाच सांगता येत नसे. काही नाही, असं म्हणून माणसं उतरत आणि पुन्हा बसत.

एका उन्हाळ्यात भाऊ माझ्याकडे घोडेगावला आले आणि डिंभ्याचं धरण बघायचंच म्हणून हटून बसले. आमच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव त्या पाण्याखाली गेलेलं, याचं त्यांना विलक्षण कौतुक होतं. नाव कोरडं आणि गाव ओलं, असं ते म्हणत. काठावर शेळ्या घेऊन एक म्हातारा बसला होता. भाऊंनी त्याला बाजाराची गल्ली कुठे होती ते विचारलं. म्हाताऱ्यानं काठी उचलून पाण्यावर एक वळण काढून दाखवलं, इथून असं, मग असं. भाऊंनी त्या वळणाला हात जोडले. परत येताना गाडीत म्हणाले, ‘त्याच्या गावावर पानी हाय, तरी त्याला कुनी येडा म्हनत नाय. माजं गाव कोरडं हाय, म्हून मी येडा.’

आता चाचांविषयी सांगायला हवं, कारण चाचांशिवाय भाऊ म्हणजे एका चाकाची सायकल. चाचांचं दुकान भाऊंच्या दुकानासमोर. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनत असे. आता ते वह्या, पतंगाचा कागद आणि लग्नाच्या पत्रिका विकत. भाऊ जेवढे उंच तेवढे चाचा बुटके. दोघं एका शाळेत, एका बाकावर. आणि शाळेतून सुटले त्या दिवसापासून वेस कुणी बांधली यावर त्यांचं रोज दुपारी भांडण होई. भाऊंचं म्हणणं, पेठेत बिबट्या शिरायचा म्हणून त्यांच्या पणजोबांनी पुढाकार घेऊन, पेठेतल्या घराघरातून दगड गोळा करून ती उभी केली. चाचांचं म्हणणं, बिबट्याला वेस कशाला लागते, तो तर कुडावरून येतो. वेस त्यांच्या वाडवडिलांनी बांधली, ओला कागद वाळत घातला की मोकाट गुरं येऊन तुडवायची म्हणून. आणि याला त्यांच्याकडे एक बिनतोड पुरावा होता. ते उठून उभे राहत आणि डोक्यावर हात धरून म्हणत, ‘आमच्या मापाची व्हती ना? तुजा पणजा तुज्याएवढाच उंच. स्वतःचं कपाळ फोडाया कोन वेस बांधतं व्हय?’ भाऊ म्हणत, पणजोबांनी मुद्दामच ठेंगणी बांधली, घरात ताठा शिरू नये म्हणून. चाचा म्हणत, मग ताठा शिरला कुठून? एवढं झालं की चहा येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिबट्यापासून सुरुवात. मी ते भांडण इतक्यांदा ऐकलं आहे की मधलं एखादं वाक्य कुणी गाळलं तर मला चुकल्यासारखं वाटे.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की वेशीच्या जागी सिमेंटची मोठी कमान उभारावी. कल्पना सगळ्यांना आवडली, आणि कमानीवर नाव कोणाचं घालायचं हे विचारेपर्यंत आवडत राहिली. पेठेतल्या तरुणांचं म्हणणं, वेस पेठेनं बांधली, नाव पेठेच्या पूर्वजांचं. चाचांच्या कागदी मोहल्ल्यातल्या तरुणांचं म्हणणं, वेस कागदवाल्यांनी बांधली, नाव त्यांचं. वेस असताना जिच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं तिच्यासाठी आता रात्रीतून फलक लागू लागले आणि सकाळी फाटलेले दिसू लागले. चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या. ज्या जागी पोरं सायकलवरून उतरत तिथे पोलिसांची जीप उभी राहू लागली. आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी शोध लागला की आपल्याकडे साक्षीदार आहे.

पेठेतली पोरं भाऊंकडे आली, चाचांच्या पुतण्याचे मित्र चाचांकडे गेले. सुरुवातीला भाऊ फार खुशीत होते, हे मी लपवणार नाही. उभ्या आयुष्यात त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच कुणी गंभीरपणे ऐकून घेत होतं. अक्का सांगत होत्या की त्यांनी लग्नातला कोट काढून उन्हात टाकला आहे आणि आरशासमोर बिबट्याची गोष्ट म्हणून बघत आहेत. सभेचा दिवस ठरला. वेस जिथे होती ती जागा भाऊंनी वाकून दाखवायची, असंही पोरांनी ठरवलं होतं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा नेहमीच्या वेळी दोघांचं सुरू झालं. चाचा म्हणाले बिबट्या कुडावरून येतो. एवढ्यात रस्त्यावरून जाणारी चार पोरं थांबली. मग आणखी थांबली. भाऊंनी पणजोबांचं नाव घेताच त्यातल्या एकानं टाळी वाजवली, आणि दुसऱ्यानं चाचांकडे बोट करून म्हटलं की आता बोला. उठून माप दाखवायची चाचांची वेळ होती. ते उठले, पण डोक्यावर हात न धरता त्यांनी शटर खाली ओढलं आणि मागच्या दारानं घरी गेले. चहा सांगितलेला होता, तो आला आणि तसाच निवला. दुसऱ्या दिवशी चाचा दुकानात होते, पण रस्त्याकडे पाठ करून बसले होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच.

भाऊ जेवेनात. ताटावर बसायचे, भाकरी मोडायचे आणि उठायचे. मला वाटलं सभेची काळजी असेल. मी म्हणालो, तुम्ही जे खरं ते सांगून मोकळे व्हा. तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. ‘खरं काय ते मला तरी कुठं ठावं हाय?’ ते म्हणाले. ‘माज्या आजीनं सांगितलं ते मी सांगतो, त्याच्या आजीनं सांगितलं ते त्यो. आमी भांडत व्हतो ते आमचं व्हतं, पावणं. आता ते लोकांनी उचलून नेलंय, आन् मला माजा मानूस दिसंना झालाय.’ अक्का पाठमोऱ्या होऊन उगाचच चुलीतली लाकडं सारू लागल्या.

सभा एका मंगल कार्यालयात होती. एका बाजूला पेठ, एका बाजूला मोहल्ला, मध्ये रिकाम्या खुर्च्यांची वाट, आणि व्यासपीठावर एक निवृत्त हेडमास्तर घाम पुसत बसलेले. भाऊंचं नाव पुकारलं. कोट घालून, केस नीट बसवून भाऊ पुढे गेले, माईक त्यांच्या छातीशी आला तो कुणीतरी उंच करून दिला, आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘तिथं वेस नव्हती.’

कुणाला काही कळेना. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं. भाऊ म्हणाले, मी जन्मापासून त्या पेठेत राहतो, मला कधी वेस दिसली नाही. माझ्या घरात कुणी बांधली नाही, दुसऱ्या कुणी बांधली असेल असं वाटत नाही. पेठेतला एक जण उठून ओरडला, मग रोज वाकता कशाला? ‘पाठीत उसण भरती,’ भाऊ म्हणाले. सभा हसली. दोन्ही बाजूंची माणसं एकदमच हसली, आणि कितीतरी दिवसांनी त्या गावात ती एकत्र हसत होती. मग चाचांना बोलावलं. चाचा माईकपाशी न जाता जागेवरच उभे राहिले. त्यांनी एकदा भाऊंकडे बघितलं. मग म्हणाले, ‘भाऊ म्हनतो नव्हती, तर नव्हती.’ आणि खाली बसले. वेस सगळ्या गावानं पाहिलेली होती, पण ती कुणी बांधली याचा सगळा डोलारा ज्यांच्या आठवणीवर उभा होता ते दोघंच नाही म्हणाल्यावर हेडमास्तरांनी सभा आटोपती घेतली. कमानीचा विषय मागे पडला. पुढे त्या जागी दिव्याचा एक उंच खांब आला आणि पोलिसांची जीप निघून गेली.

भाऊंना मात्र फार सोसावं लागलं. पेठेतली पोरं रामराम घालीनाशी झाली, म्हाताऱ्याला भ्रम झाला असं उघड बोलू लागली, आणि भाऊ ऐकून घेत. नव्हती म्हटल्यावर वाकायची सोय उरली नाही. ते ताठ मानेनं तिथून जाऊ लागले आणि तो प्रकार बघवत नसे. जागा जवळ आली की बोलणं थांबायचं, मानेच्या शिरा फुगायच्या, मान खाली जायला बघायची आणि हे तिला दोन्ही हातांनी धरल्यासारखे वर धरून ठेवायचे. पलीकडे गेले की भिंतीला टेकून श्वास घ्यायचे. सायकलीचा नियमही त्यांनी उठवला. पोरं सरळ टांग टाकून जाऊ लागली. मला भाऊंचा इतका अभिमान आणि इतकी कीव एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

आणि एवढं करूनही चाचा येईनात. समोर शटर उघडायचं, बंद व्हायचं. शेवटी एका दुपारी, मी तिथेच बसलेला असताना, चाचा रस्ता ओलांडून आले आणि पायरीखाली उभे राहिले. भाऊ घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

‘वेस नव्हती म्हनालास,’ चाचा म्हणाले. ‘चार लोकांत तू खोटा पडू नये म्हून मी पन व्हय म्हनालो. पन मला सांग, नव्हती तर मंग सारा जलम आपुन भांडलो ते कशावरनं?’

‘व्हती की,’ भाऊ म्हणाले.

‘मंग?’

‘त्यांच्यासाठी नव्हती. त्यांना वेस कुठं पायजे व्हती? त्यांना नाव पायजे व्हतं.’ ट्यूबमधून बुडबुडे निघाले, तिथे त्यांनी अंगठा ठेवला. ‘आपल्याला वेस पायजे व्हती. ती आपल्या दोघांत हाय. ऱ्हाऊ दे.’

चाचा रुमालानं तोंड पुसून म्हणाले, ‘पन बांधली आमीच.’

‘बिबट्या काय तुज्या कागदावर झोपाया येत व्हता?’ भाऊ म्हणाले, आणि मला त्या दोघांना मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतरची काही वर्षं फार चांगली गेली. भांडण आता चाचांच्या दुकानात, दुपारी शटर अर्धं खाली ओढून चाले, म्हणजे रस्त्यावरच्यांना ऐकू जाऊ नये. मी गेलो की वाकून आत शिरायचो. आत कागदाचा कोरडा वास, निळा-गुलाबी उजेड, आणि कुजबुजत्या आवाजात बिबट्या नि गुरं. इतक्या हळू आवाजात इतकं कडाक्याचं भांडण मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. त्या अर्ध्या शटराखालून आत जाताना भाऊ मनसोक्त वाकून घेत.

मग एका थंडीत भाऊ गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास न देता. दिवसकार्य उरकल्यावर परत निघताना मला राहवेना म्हणून मी समोर गेलो. शटर अर्धं होतं. चाचा आत एकटेच बसले होते, पुढ्यात पतंगाच्या कागदांचा गठ्ठा, पण हात लावलेला नव्हता. मी भाऊंच्या जागेवर बसलो. त्यांना जरा बरं वाटावं, आणि खरं सांगायचं तर मलाच भाऊ फार आठवत होते, म्हणून मी घसा खाकरला आणि म्हणालो की चाचा, तुम्ही काही म्हणा, पण वेस भाऊंच्या पणजोबांनीच बांधली, बिबट्यासाठी.

चाचांनी चष्मा काढला. मला वाटलं आता उठतील, डोक्यावर हात धरतील. पण ते बसूनच राहिले आणि खूप मायेनं माझ्याकडे बघत म्हणाले, ‘पावणं, तिथं वेस नव्हती. भाऊ सांगून गेलाय न्हवं?’

मग त्यांनी चहा सांगितला, आणि तो येईपर्यंत आम्ही दोघं शटराखालून दिसणारे जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय बघत बसलो.